आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दिवेआगर ते श्रीवर्धन सायकलने: जमेल का?

बोटुक | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी. इथे सायकलवाले पुष्कळ आहेत, कोकणातलेही आहेत, म्हणून नवा धागा काढते. आधी असा धागा निघाला असेल तर दुवा द्या. मी शोधलं, पण मला फक्त 'मोदक कुठे चांगले' यावरची भांडणं सापडली.

घरात आम्ही पाच. मी रोज ऑफिसला सायकलने जाते, जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, त्यात पराक्रम काही नाही. नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो; सायकलीबद्दल त्याची मतं भरपूर आहेत, सायकल नाही. मुलगी तेरा वर्षांची, तिची गियरची आहे. मुलगा आठचा. त्याची वीस इंची, बिनगियरची, आणि अलीकडेच त्याने घंटी काढून भोंगा बसवून घेतलाय. पाचव्या सासूबाई, वय त्र्याहत्तर. त्यांचं माहेर म्हसळ्याकडचं, त्यामुळे कोकण म्हटलं की त्यांची पिशवी आदल्या रात्रीच भरलेली असते.

मुलाच्या वर्गातला एक जण गोव्याला समुद्राच्या कडेने सायकल चालवून आला. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना तोच विषय, झोपतानाही तोच. गोवा आम्हाला लांब पडतो. म्हणून २४ ते २६ जानेवारी दिवेआगरला मुक्काम करायचा आणि एके दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धनला सायकलने जायचं असं डोक्यात आहे. सायकलवर मी आणि मुलं, गाडीत नवरा आणि सासूबाई. नकाशा अठरा-वीस किलोमीटर सांगतो. पण नकाशाला चढ कळत नाहीत आणि माझा मुलगाही कळत नाही. त्याला झेपेल का? वाळूवर सायकल चालते की नुसती ओढावी लागते? आणि साध्या हॅचबॅकमधून पाच माणसं आणि तीन सायकली न्यायच्या कशा?

रँडोनर४०० | ९ जानेवारी

एवढ्या लांब जाऊन फक्त वीस किमी? सागरी महामार्ग रेवसपासून रेड्डीपर्यंत जातो, पूर्ण कोकणपट्टी आहे. आम्ही चौघांनी अलिबाग ते गुहागर तीन दिवसांत केलं. वाटेत आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे, तिन्ही ठिकाणी जंगलजेटी (गाड्याही नेणारी फेरीबोट) आहे, सायकल थेट बोटीत चढते. तुम्ही निदान दिघीपासून सुरू करा आणि हरिहरेश्वरला संपवा. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा दणकट असतात. पहाटे पाचला निघायचं, दर वीस मिनिटांनी पाणी, केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) ऐंशीच्या वर ठेवायचा.

बोटुक | ९ जानेवारी

रँडोनर, तुमच्या चौघांत आठ वर्षांचं कोण होतं? आमचा चिरंजीव मुळशी यायच्या आत 'अजून किती लांब' सुरू करतो, तेही गाडीत बसून. केडन्स म्हणजे काय ते मी त्याला सांगणार नाही. ऐंशीच्या वर म्हटलं की ऐंशी रुपये मागेल.

अनुची आई | १० जानेवारी

आम्ही दोन वर्षांपूर्वी केलंय, अनु तेव्हा दहाची होती. मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा कॅरिअर मिळतो, पुण्यात भाड्यानेही देतात. मोठ्या दोन सायकली त्यावर चढवा. लहान सायकलीची चाकं काढा, ती डिकीत आडवी मावते, बॅगा पायाशी. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत एवढं बघा.

दुसरं म्हणजे गाडी. आमच्याकडे 'हे' पहिल्या दिवशी काळजीपोटी आमच्या मागे मागे पहिल्या गियरमध्ये येत होते. त्यांच्या मागे दहा गाड्यांची रांग, सगळे हॉर्न मारतायत, आणि अनु रडकुंडीला. अरुंद रस्त्यावर तसं करू नका. गाडीने दोन किलोमीटर पुढे जाऊन सावलीत थांबायचं, तुम्ही पोचलात की परत पुढे. मुलांनाही 'पुढच्या गाडीपर्यंत' एवढंच दिसतं, वीस किलोमीटर दिसत नाहीत.

ग्लुकोज बिस्किटं वगैरे ठीक आहे, पण खरा उपयोग खारवलेल्या आवळ्याचा होतो.

सुपारीवाला | १० जानेवारी, रात्री

ताई, मी श्रीवर्धनचा. वाडी आहे, सुपारी आणि थोडे नारळ. सायकल शाळेत असताना चालवायचो, आता फक्त बघतो.

पहिली गोष्ट, तारीख बदला. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली की बोर्लीच्या नाक्यापासून गाड्या अडकतात आणि शेखाडीच्या रस्त्यावर दर वळणावर कोणीतरी फोटो काढत उभं असतं. पण मी सांगतो ते त्यासाठी नाही, पाण्यासाठी.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनला भरती. अष्टमीला सहा. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण कालनिर्णय भिंतीवर असला की बाकी काही लागत नाही. तुमचे २४, २५, २६ म्हणजे माघातली षष्ठी, सप्तमी, अष्टमी. २४ ला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी पावणेअकराला. २६ ला तर ऐन दुपारी बारा-सव्वाबारा. सकाळी उठून पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) जाल तर पाणी अर्ध्यावर, आणि वाळू कडक मिळेल तेव्हा ऊन डोक्यावर. त्यात अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फार मागे हटतच नाही.

३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी घ्या. चतुर्दशी आणि पौर्णिमा, उधाणाचे दिवस. उधाणाला पाणी चढतं तसंच लांबही जातं. शनिवारी संध्याकाळी साडेचार-पाचला पूर्ण ओहोटी. चार किलोमीटरची पुळण, ओली वाळू, डांबरी रस्त्यासारखी. तेव्हा मुलांना सोडा. रविवारी पहाटे सव्वापाचला पुन्हा ओहोटी, पण तेव्हा अंधार असतो, त्या वेळी वाळूच्या नादाला लागू नका. उजाडलं की रस्ता धरा.

वाळूचं एक सांगतो. वरची कोरडी वाळू दिसली की उतरायचं, तिथे चाक रुततंच. पाण्याच्या फेसातही घालायची नाही, पोरं घालतातच, मग रात्री गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसा, तेल द्या. खारं पाणी एका रात्रीत लाल करतं. आणि ओहोटीच्या वेळी पोहायला अजिबात नाही, पाणी बाहेर ओढतं.

रस्त्याचं म्हणाल तर दिवेआगरहून भरडखोल, मग शेखाडी, आरावी आणि आमचं गाव. शेखाडीला समुद्र अगदी कठड्याला लागून. सपाट आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, चढ लहान आहेत पण बरेच आहेत. बिनगियरचा मुलगा दोन ठिकाणी उतरेल. उतरू द्या. भाड्याच्या सायकलींच्या भरवशावर येऊ नका, मुलांच्या मापाची मिळेलच असं नाही. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचे, ऐन वेळी कोणी उकड काढत नाही.

फुकट सल्ला | ११ जानेवारी

सुपारीवाल्यांचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावला. इतकी वर्षं कोकणात जातोय आणि प्रत्येक वेळी 'अरे पाणी कुठे गेलं' म्हणतोय.

बोटुक | ११ जानेवारी

सुपारीवाले दादा, तारीख बदलली. सासूबाईंना पाऊणपटीचं सांगितलं तर म्हणाल्या, "हे आमच्या बापूंना यायचं, विचारायचंस ना." चौदा वर्षं संसार केला, भरतीची वेळ विचारायची वेळच आली नाही. येऊन सांगते काय झालं ते.

बोटुक | ४ फेब्रुवारी

धागा वर काढते. आलो, धड आलो, त्वचा तेवढी सोलली आहे.

शनिवारी ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दुपारी जेवायला पोचलो. म्हसळ्याला सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, इकडेतिकडे बघितलं, "सगळं बदललं" म्हणाल्या आणि परत बसल्या. दोन मिनिटांचं माहेरपण.

जेवण झाल्यावर नवऱ्याने मुलाच्या सायकलीची चाकं बसवली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पावणेपाचला पुळणीवर गेलो. सुपारीवाल्यांनी डांबरी रस्ता म्हटलं होतं, मला ती अतिशयोक्ती वाटलेली. सुरूच्या बनातून बाहेर आल्यावर पहिले पन्नास पावलं सायकली अक्षरशः उचलून नेल्या, मुलगा म्हणाला आपल्याला फसवलं. आणि मग ओली वाळू लागली. चाकाचा आवाजच बंद झाला. रस्त्यावर सायकलीला कायम एक खरखर असते, ती गेल्यावर कळलं की होती. मुलगी एकदम लांब गेली, ठिपक्याएवढी झाली. मुलाने मागे वळून आपल्या चाकाची खूण बघितली, मग मुद्दाम वेलांट्या काढत सुटला, मग स्वतःच्याच खुणेवरून परत यायचा खेळ. लहान खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढलेली असते ना, ती चुकवायची असा नियम त्याने स्वतःच केला आणि दहा मिनिटांनी स्वतःच मोडला.

फेसात सायकल घातली का? घातली. दोघांनीही. आणि मीही, लपवत नाही.

चतुर्दशी असल्याने सूर्य बुडायच्या आधीच बनामागून चंद्र वर आला होता. एका बाजूला तांबडा, एका बाजूला पांढरा. नवरा फोटो काढायला धावला आणि त्याचा गुडघा तेवढा वेळ दुखला नाही. काही महाभाग पुळणीवर गाड्या घालून गोल गोल फिरवत होते, एक रुतली, ती काढायला आणलेली दुसरीही रुतली. भरती यायला लागल्यावर त्यांची धावपळ आम्ही नारळपाणी पीत बघितली. चांगलं नाही, पण बघितली.

रात्री घरमालकीणबाईंनी अंगणात पाण्याची नळी दिली. सायकली धुतल्या, चेनला तेल दिलं. त्यांच्या मागच्या वाडीत सुपारीची कोवळी झाडं रांगेने होती, मध्ये मध्ये मोठाली रिकामी जागा. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ इथूनच आत शिरलं. बाई म्हणाल्या, सकाळी वाडी होती, संध्याकाळी थेट शेजारच्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. सुपारीला धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे ही लावलेली आता कुठे फळाला येतायत. मुलाने विचारलं, मग सहा वर्षं तुम्ही काय केलं? बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्यांना जेवायला घातलं.

रविवारी सात वाजता निघालो. पाचला नाही, रँडोनर, माफ करा. भरडखोलपर्यंत मजेत. तिथे रस्त्याच्या कडेला जवळा सुकत घातलेला, दोऱ्यांवर थोडे बोंबीलही होते. मुलगा नाक दाबून थांबला, मग जवळ गेला. बोंबील दोरीला बांधलेले नसतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, इकडे एक, तिकडे एक. तो पाच मिनिटं तेच बघत होता. "आई, ते एकमेकांना चावून लटकलेत."

गाव सोडून चढ लागला आणि चेन पडली. बसवली. वीस पावलांवर परत पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर बघितलं तर मागचं चाक ताणून बसवलेलंच नव्हतं, चेन झोळीसारखी लोंबत होती. नवरा, मतं भरपूर. पंधराचा पाना कुठे? खोलीवर, उशाशी. गाडी दोन किलोमीटर पुढे सावलीत (अनुची आई, तुमचा सल्ला), आणि फोनला रेंज नाही. सायकल ढकलत गावात परत आलो. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांनी काही न विचारता उठून होडीच्या इंजिनाची पान्यांची पेटी आणली. मापाचा पाना सापडेना, मग मोठ्या पान्यात एक चपटी पट्टी घालून त्यांनी नट सैल केले, चाक मागे ओढलं, चेन अंगठ्याने दाबून बघितली आणि घट्ट केलं. चार मिनिटं. पैसे घेतले नाहीत. भोंगा मात्र दोनदा वाजवून बघितला.

शेखाडीचं वर्णन मी करत नाही, सगळ्यांनी फोटो पाहिलेत. फक्त एक, तिथे रस्ता इतका पाण्याशी आहे की सायकलवरून लाट फुटताना ऐकू येते, गाडीत काच वर असली की काही नाही. नवऱ्याने मुलीला सांगितलं की १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीचं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरवलं होतं. ती कठड्यावर बसून लिंबू सरबत पीत होती. "इथे?" म्हणाली आणि बराच वेळ खाली खडकांकडे बघत राहिली. सासूबाई चपला काढून शेजारी बसलेल्या. त्यांच्या लहानपणी म्हसळ्याहून श्रीवर्धनला एसटी आतून जायची, हा रस्ता त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. त्र्याहत्तर वर्षांत माहेरापासून एवढ्याशा अंतरावर.

आरावीच्या पुढच्या चढाला आमचे चिरंजीव बसले. सरळ रस्त्याच्या कडेला मांडी घालून. साडेनऊ वाजलेले, ऊन चांगलंच लागत होतं. गाडीत घालू या म्हटलं तर तेही नको, सायकल एकट्याने गाडीतून जाणार नाही म्हणे. मी समजावलं, बहिणीने टोमणा मारला, खारा आवळा दाखवला. काही नाही. मग सासूबाई गाडीतून उतरल्या, डोक्यावर पदर घेतला, सायकलीची सीट धरली आणि ढकलत चालायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. तो बघत राहिला, मग धावत जाऊन हँडल धरलं. दोघं तो अख्खा चढ तसे गेले, ती मागून, तो पुढून. त्यांना आयुष्यात सायकल आलेली नाही. वर पोचल्यावर मला म्हणाल्या, "जड आहे गं, लोखंडाची आहे का?"

उतारावर मुलाला माझ्या मागेच ठेवलं, ब्रेक दोन्ही एकदम आणि आधीपासून दाबायचे, हे पुण्यातच शिकवून ठेवलेलं होतं. श्रीवर्धनला पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. थांबे, चेन, सत्याग्रह सगळं धरून तीन तासांवर. हरिहरेश्वरला मग गाडीनेच गेलो, पण तोवर भरती आलेली, खडकांवरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पाणी. वरूनच हात जोडले. पाऊणपट मी स्वतः केली होती आणि विसरले होते.

रँडोनर४०० | ४ फेब्रुवारी

मस्त! एकूण किमी किती झाले, अ‍ॅपवर रेकॉर्ड केलं का? सरासरी वेग?

बोटुक | ४ फेब्रुवारी

शनिवारी फोन नवऱ्याकडे होता, तो चंद्राचे फोटो काढत होता. मुलगा वर्गात शंभर सांगतोय, तेच धरा.

सुपारीवाला | ४ फेब्रुवारी, रात्री

गावात येऊन गेलात आणि कळवलं नाहीत, ताई. वाडीत या म्हटलं असतं, रोठा सुपारी सोलायला मावशींना मदत झाली असती, मुलं हौशीने सोलतात. सासूबाईंचं गाव म्हसळ्याकडचं म्हणजे नेमकं कुठलं? आमची आत्या तिकडेच दिलेली.

बोटुक | ५ फेब्रुवारी

दादा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. सासूबाईंनी आत्यांचं नाव ऐकूनच तीन घरांची नाती लावली, मला एकही समजलं नाही.

एक शंका राहिली. घरी येऊन मुलाच्या सायकलीची चेन दोनदा पुसली, तरी पायडल मारलं की आतून करकर येते. नळीने धुतली होती नीट.

सुपारीवाला | ५ फेब्रुवारी

नळीने वाळू आत ढकलली जाते. चेन काढून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासा, वाळवा, मग तेल. आणि चाक परत बसवताना तुम्ही स्वतः बसवा.